चप्पल निसटत होती
मी पंचवटीत फिजिओथेरपिस्ट आहे. फेब्रुवारीत द्राक्षाची तोडणी जोरात असताना दिंडोरीकडच्या एक मावशी आल्या, वय 45 च्या आसपास, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंबरदुखी आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कणा ताणणं. चार महिन्यांचं दुखणं, क्रेट उचलून झालं असणार असं सगळ्यांनी धरलेलं आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मीपण शेक देऊनच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, रात्रीच जास्त ठणकतंय, अन् चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून जाते, कळत पण नाही." मी तिथेच थांबले. कामाने दुखणारी पाठ आडवं पडलं की जरा सैल होते, ही उलट जागवत होती. मग विचारत गेले तर संध्याकाळची कणकण, ब्लाउज सैल झालेले, जेवण जात नाही. पाठीवरून बोट फिरवलं तर छाती संपते तिथे एक मणका टोकासारखा वर आलेला आणि जांघेत लिंबाएवढी गाठ, ना लाल ना गरम. ट्रॅक्शन लावलं असतं तर, हा विचार अजून झोप उडवतो.

एमआरआयमध्ये दोन मणके पोखरलेले, मधली गादी बसलेली, मज्जारज्जूवर दाब, आणि पू स्नायूच्या आतून थेट जांघेपर्यंत उतरलेला. सुईने पू काढून सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची तपासणी केली, टीबी निघाला, पण रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार होतं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. शुगरही वाढलेली निघाली, ती कोणी तपासलीच नव्हती.

"पण मला खोकलाच नाहीये, मग टीबी कसा?" मावशी रडायला लागल्या. सांगितलं की जंतू बहुतेक वेळा श्वासातूनच जातो, शरीर त्याला फुफ्फुसात कोंडून ठेवतं, तुमच्या छातीच्या एक्सरेत तो जुना पांढरा डाग दिसतोय ना तोच, पण त्याआधीच थोडे जंतू रक्तातून मणक्यात, किडनीत, मेंदूच्या आवरणात जाऊन वर्षानुवर्षं गप्प बसू शकतात, अंगातली ताकद घटली की उठतात.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारंगी झाली म्हणून घाबरून फोन, तो रिफाम्पिसिनचाच रंग. वर्षभराचा कोर्स आहे. आता आठ महिने झालेत, पाय सुधारलाय, कमरेचा पट्टा सुटला, मणक्याचं टोक मात्र राहणार. परवा विचारत होत्या छाटणीला जाऊ का. म्हटलं जा, पण काड्यांचे भारे उचलायचे नाहीत.