बारशाला नाव शोधताय? आधी जुना सातबारा काढा

भावाला मुलगा झालाय आणि बारसं पुढच्या महिन्यात, म्हणजे आत्या म्हणून नाव शोधायची ड्युटी माझ्यावर. फॅमिली ग्रुपवर रोज लिस्ट येतीय, रेयांश, कियांश, विवांश, अद्विक, आणि निम्म्यांचा अर्थ एकच, कुठल्यातरी देवाचा अंश. आमच्या सांगलीत एखाद्या बालवाडीच्या गेटवर उभं राहून नुसतं "अंश" म्हणून हाक मारली तर अर्धा वर्ग वळून बघेल. म्हणून त्या वेबसाइट बंद केल्या आणि गावाकडचे जुने सातबारे, फेरफार काढून बसले. खजिना आहे ओ तो!

पहिलंच सापडलं अधिकराव. सातारा-सांगलीच्या बाहेर हे नाव सांगितलं की लोक विचारतात, कशापेक्षा अधिक? अहो अधिक महिन्यात जन्मला म्हणून अधिकराव. आपलं चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी कमी पडतं, ते भरून काढायला दर 32-33 महिन्यांनी एक महिना जादा येतो, 2023 ला अधिक श्रावण होता आणि 2026 ला अधिक ज्येष्ठ. त्यालाच धोंड्याचा महिना म्हणतात आणि पुरुषोत्तम मास पण, त्यामुळं एकाच महिन्यातली पोरं एका घरात अधिकराव, दुसऱ्या घरात धोंडिराम आणि तिसऱ्या घरात पुरुषोत्तम. दाखले नव्हते तेव्हा वय काढायला तेवढाच आधार.

पण प्रत्येक धोंडिराम अधिकातलाच असतो असं नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला मुद्दाम नकोसं नाव ठेवायचे, दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, म्हणजे नजर लागायला नको आणि यमानं पण केरकचरा समजून सोडून द्यावं. आमच्या एका फेरफारात वारसांची नावं ओळीनं आहेत, दगडू, खाली गुंडू, खाली केरबा, तिघं सख्खे भाऊ. आईला दाखवलं तर ती चष्मा वर करून म्हणली, "ही राहिलेली झाली, गेलेली कोण लिहितंय." ही नावं काय मी बाळाला सुचवणार नाही, पण त्यांच्यावर मीम करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

देवाची नावं तर इतकी आहेत की विचारू नका, आणि देव कुठला ते बघून गाव कुठलं याचा अंदाज येतो. आरेवाडीच्या बिरोबाचे बिरू, बिराप्पा, बिरदेव. म्हसवड, खरसुंडीकडं सिद्धनाथ, त्याचा सिदू. चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे अशा समर्थांच्या मारुतींच्या पट्ट्यात गल्लीत एक तरी मारुती आणि एक हणमंत असणारच (हनुमंत नाही, हणमंतच). मारुती म्हणजे मरुताचा, वाऱ्याचा मुलगा, हनुमंत म्हणजे ज्याची हनुवटी दणकट. पालीच्या खंडोबाचा मल्हार बघा आता फॅशनमध्ये परत आलाय, पण त्याच देवाचं मार्तंड कुणी घेईना, अर्थ साधा सूर्य, ज्यांना सूर्याचा किरण पाहिजे त्यांनी आख्खा सूर्यच घ्यावा की. जोतिराव पण तसंच, महात्मा फुल्यांचं नाव जोतिबाच्या यात्रेदिवशी जन्म झाला म्हणून पडलं असं सांगतात, मूळ गाव त्यांचं आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण.

मिरजेकडच्या जैन घरांतली नावं अजून वेगळी, आण्णागोंडा, बाळगोंडा, जिनगोंडा. हा गोंडा कन्नड गौडावरनं आलाय, म्हणजे गावचा पाटील. 1919 ला कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव, त्यांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. आता ही नावं फक्त आजोबांच्या पिढीत ऐकू येतात.

मला सगळ्यात आवडलेली दोन सांगते. एक खाशाबा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. खासा म्हणजे खुद्द, अस्सल, त्याला मायेचं बा लावलं की झालं खाशाबा, मी तरी असाच अर्थ धरते. दुसरं हंसाजी. तळबीडच्या सरसेनापती मोहित्यांचं हे मूळ नाव, हंबीरराव हा महाराजांनी दिलेला किताब. लोक पोराला किताब ठेवतात आणि हंसाजी मात्र कुणालाच नको, एवढं गोड नाव!

एवढं सगळं जमवलं आणि गुरुजींनी पत्रिका हातात दिली. बाळाचं नक्षत्र हस्त, अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि चरण निघाला तिसरा, म्हणजे ण. आणा आता ण वरनं नाव! गुरुजींनाच हसू आलं, म्हणले त्याच नक्षत्रातला पू घ्या, चालतंय. मग पुंडलिक सुचवलं, मूळ पुंडरीक, पांढरं कमळ, पंढरपूरच्या विटेवाला पुंडलिक. वहिनी म्हणली शाळेत पुंड्या म्हणतील. म्हणलं बाई, आमच्या शेजारच्या रियांशला सगळी सोसायटी रिया म्हणतीय, त्याचं काय? तिनं मोबाईलमध्ये तोंड घातलं.

कानात कुर्रर्र मीच करणार आणि पाठीवर धपाटे पण मीच खाणार, त्यामुळं पाळण्यातलं नाव जुनंच असणार हे मी जाहीर केलंय. राहिलं दाखल्यावरचं, तर जन्माच्या नोंदीत नाव घालायला 12 महिने फी लागत नाही, तेवढ्यात वहिनीला पटवते. भाऊ पुरुषोत्तमला जवळजवळ तयार झालाय, फक्त विचारतोय फॉर्मच्या चौकोनांत इंग्लिश स्पेलिंग बसंल का.