ईएजी नोंद ९: रिकामी बरणी, भरलेली नळी

कीटकाची मिशी वासाला विजेचं जे उत्तर देते ते टिपणं म्हणजे ईएजी; मी ते घरी रेशमाच्या पतंगांवर करते. मागच्या नोंदीतला आलेख कृपा करून बाजूला ठेवा. नराच्या मिशीवर मादीच्या बरणीतली हवा सोडली आणि रेघ १.६ मिलीव्होल्टने खाली गेली, असं मी लिहिलं होतं. रेघ गेली होती हे खरंच. पण चार दिवसांनी मादी नसलेल्या, धुऊन वाळवलेल्या बरणीतली हवा सोडली, तर रेघ १.३ ने खाली गेली. तसाच उतार, आणि वर यायला तशीच तीन-चार सेकंदं. ज्यांनी ईएजी केलंय त्यांना ठाऊक आहे की अशा वेळी पोटात कसा गोळा येतो. बिनवासाच्या हवेची कोरी फुंकरच कोरी नसेल, तर मग आपण मोजतोय काय?

आधी चांगली बातमी सांगते. रेघेतली ५० हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेच्या ठेक्याची, गुणगुण गेली. तीन महिने मी बाहेरची वीज अडवणाऱ्या धातूच्या पिंजऱ्यालाच दोष देत होते. जाळी बदलली, उद्यमनगरातून ॲल्युमिनियमचा डबा वाकवून आणला, अर्थिंगची वायर जाड केली, सगळं चार्जिंग काढलेल्या लॅपटॉपवर आणि बॅटरीवर घेतलं. गेल्या गुरुवारी पावसात लाईट गेली आणि रेघ एकदम गुळगुळीत झाली. मी टाळी वाजवली, म्हटलं भिंतीतली वायरिंगच नडत होती. मग लक्षात आलं की लाईटीबरोबर मिशीवर हवा सोडणारा माशांच्या टाकीचा पंपही बंद पडला होता. त्या पंपाचा पडदा विजेच्या ठेक्यावरच हलतो, म्हणजे हवाच सेकंदाला पन्नास धक्के खात येत होती आणि मिशीच्या टोकाचा खारट पाण्याचा थेंब थरथरत होता. पिंजऱ्याचा काही दोष नव्हता. आता पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरते, ती सलाईनच्या रोलरने बारीक करते, मग कोळशातून आणि पाण्याच्या बाटलीतून सोडते. तासभर सरळ रेघ मिळते. ट्यूबचा रबरी वास कोळसा पुरता खातो का, हे मात्र अजून बघायचंय.

नॉच फिल्टर, म्हणजे तेवढाच एक ठेका गाळून टाकणारी सोय, लावा असं तिघांनी कळवलं होतं. मी लावला नाही, आणि लावणारही नाही. गुणगुण पुसली गेली असती, थेंब थरथरतच राहिला असता.

मिशीतली वीज टिपणाऱ्या चांदीच्या तारेबद्दलही विचारणा होती. ऑनलाईन मागवलेली ‘शुद्ध’ तार क्लोराईडचा थर चढवायला ब्लीचमध्ये बुडवली तर दहा मिनिटांत पाणी हिरवट झालं, आतून तांबं निघालं. दुकानाचं नाव घेत नाही, पण तारेचं टोक कानशीने घासून बघितल्याशिवाय घेऊ नका. हुपरीत पैंजण करणाऱ्या एका कारागिराने चोख चांदीची, केसापेक्षा थोडी जाड तार वीतभर ओढून दिली. ब्लीचमध्ये तिच्यावर जांभळट-करडा थर इतका एकसारखा चढला की मी कितीतरी वेळ भिंगाखाली नुसती बघत बसले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. “पाखराच्या मिशीला चांदी? न्या वहिनी,” म्हणाले.

आता मूळ दुखणं.

मांडणी तुम्हाला माहीत आहेच: दोन बरण्या, एकीत मादी आणि एक रिकामी. दोन्ही औषधांच्या दुकानातल्या थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या तोटीला, जोडलेल्या. तिथून वीतभर सिलिकॉनची नळी, आणि तिचं तोंड मिशीवरून सतत वाहणाऱ्या हवेत उघडतं. कोरी फुंकर उत्तर देते म्हटल्यावर पहिला संशय वाऱ्याचा. फुंकर येते, मिशी हलते, थेंब सरकतो. म्हणून फुंकरीच्या वेळी मुख्य हवा तेवढीच कमी होईल अशी सोय केली. फरक शून्य. दुसरा संशय उजेडाचा, कारण क्लोराईड चढवलेली चांदी उजेडाला उत्तर देते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, डब्यावर काळं कापड टाकलं. फरक शून्य. थ्री-वे फिरवताना हाताचा परिणाम होतो का, म्हणून लाकडी काठीने फिरवला. त्याचा एक अगदी बारीक टोचा दिसतो, पण तो तेवढ्यापुरताच.

एक गोष्ट मात्र वहीत होती आणि मी ती चुकीची वाचत होते. कोऱ्या फुंकरी दहा-दहा सेकंदांनी दिल्या की उत्तर लहान येत होतं. जेवून आल्यावर पहिली फुंकर मोठी. मी समासात लिहिलं होतं, ‘मिशी थकते, विश्रांतीने सावरते.’ मिशी थकते हे खरंच आहे, म्हणून तर शंका आली नाही.

शंका आली ती आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना. त्या दुपारी माझ्याच खोलीत कॉटवर बसून शेंगा सोलत होत्या. टेबलावर जाळीच्या झाकणाच्या डब्यात आठ नर होते. अंडी घातलेल्या माद्या आदल्या दिवशीच खालच्या मजल्यावर नेल्या होत्या. मी रिकाम्या बरणीच्याच फुंकरी देत होते. आत्ती म्हणाल्या, “अगं, तू ती नळी फिरवलीस की डब्यातली पाखरं फडफडाय लागत्यात बघ. सकाळधरनं बघतोय मी.”

मी नळीचं तोंड डब्याकडे वळवलं आणि थ्री-वे फिरवला. आधी एकाच नराच्या मिशा वर झाल्या, मग पंख थरथरायला लागले, मग तो वळला. दोन-तीन सेकंदांत आठही नर जाळीवर गोल फिरत होते. खोलीत एकही मादी नाही, बरणी रिकामी, आणि पाखरं मात्र ठाम.

म्हणजे आलेख खरंच बोलत होता. नळीच मळलेली होती. मादी नराला बोलावायला जो वास सोडते तो म्हणजे बॉम्बिकॉल, सोळा कार्बनांचं तेलकट अल्कोहोल. ते सिलिकॉनमध्ये मुरतं आणि सावकाश बाहेर येत राहतं. जेवायला गेले की नळीतल्या कोंडलेल्या हवेत ते साठायचं, म्हणून पहिली फुंकर मोठी. दहा सेकंदांत तेवढं साठत नाही. वहीतले सगळे आकडे जागेवर बसले.

तरी खात्री हवी होती. मादीची मिशी लावली. रेशमाच्या मादीला स्वतःचं बॉम्बिकॉल कळत नाही, नरात ज्या लांब केसांवर ते कळतं तेच केस तिच्यात लिनालूल आणि बेंझोइक ॲसिड या दुसऱ्याच वासांसाठी असतात. वारा किंवा धक्का हे कारण असतं, तर तिच्या मिशीनेही उत्तर दिलं असतं. मळक्या नळीतून कोरी फुंकर दिली, रेघ सपाट. ती मिशी जिवंत आहे हे कसं दाखवायचं? धण्याच्या तेलात मुख्य घटक लिनालूलच असतो. कागदाच्या पट्टीवर थेंबभर तेल, वेगळी काचेची नळी, फुंकर, आणि रेघ झपकन खाली. त्या क्षणी मी आत्तींना मिठी मारली, शेंगांची टरफलं खोलीभर झाली.

मग शेवटची वीतभर नळीही काचेची केली, कोऱ्या हवेला वेगळी आणि मादीला वेगळी. नवा नर, नवी मिशी. कोरी फुंकर: फक्त थ्री-वेचा टोचा. मादीची बरणी: १.४ मिलीव्होल्ट. पाच वेळा आलटून पालटून केलं, पाचही वेळा तसंच. नऊ नोंदींतला हा पहिला आलेख ज्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

१९५७ मध्ये डीट्रिख श्नायडर यांनी याच जातीच्या नराच्या मिशीवर ही पद्धत बसवली आणि तिला नाव दिलं. दोन वर्षांनी बुटेनांट यांच्या चमूने पाच लाखांच्या आसपास माद्यांमधून बॉम्बिकॉल वेगळं केलं. पाच लाख माद्या! आणि इथे एका मादीच्या उरलेल्या वासाने माझा आठवडा खाल्ला. इतकं थोडं कसं पुरतं, याचं उत्तर मिशीत अर्धंच आहे. एका मिशीवर सुमारे १७,००० लांब केस. प्रत्येकात दोन चेतापेशी, एक बॉम्बिकॉलची आणि दुसरी त्याच्या जवळच्या नात्यातल्या बॉम्बिकाल या वासाची. कायस्लिंग आणि प्रीझनर यांनी १९७० मध्ये मांडलं की बॉम्बिकॉलचा एक रेणू अशा पेशीत एक स्पंद, म्हणजे विजेचा एक ठोका, उठवायला पुरतो. पण एकटा स्पंद काय सांगणार? पेशी वास नसतानाही मधूनमधून आपोआप स्पंदतेच.

उरलेलं अर्धं काम मेंदूचं. या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूच्या पुढच्या भागात, शृंगिका-खंडात (शृंगिका म्हणजे मिशीच) जातात. तिथे गोळ्यांसारखे साठेक पुंजके असतात. एकाच प्रकारच्या पेशींचे तंतू एकाच पुंजक्यात. नरात बॉम्बिकॉलसाठी खास मोठा पुंजका आहे, बॉम्बिकालचा त्याच्या शेजारी. हजारो तंतू तिथे येतात आणि पुढे माहिती नेणाऱ्या पेशी मात्र मोजक्या. आपोआप उठणारे स्पंद वेगवेगळ्या वेळी येतात आणि एकमेकांत विरतात. वासामुळे उठणारे एकत्र येतात, म्हणून त्यांची बेरीज वर उठते. भोवतालच्या आडव्या जोडण्या करणाऱ्या पेशी बाकीचं दाबून ठेवतात, त्यामुळे फुंकर कधी सुरू झाली आणि कधी थांबली याच्या कडा धारदार होतात.

आता हे लिहिता लिहिता वही परत उघडली. मळकी नळी गरम पाण्याने आणि स्पिरिटने धुतल्यावर तिसऱ्या दिवशीची नोंद आहे: ‘आलेख सपाट, नळी स्वच्छ.’ त्याच्या खाली आत्तींच्या अक्षरात, ‘चार पाखरं फडफडली.’ आलेख सपाट, आणि पाखरं फडफडली! तेव्हा मी ते वाचून पुढे गेले होते. माझ्या मांडणीला जे गोंगाटात सापडत नाही, ते नराच्या मेंदूने बेरजेतून बाहेर काढलं. शृंगिका-खंडाचं काम घरात बसून, मेंदूत सुई न घालता दिसतंय.

तेव्हा कण्हेरीवरच्या हिरव्या पतंगाचा जो बेत मागे सांगितला होता तो पुढे ढकलला. त्याच्या अळ्या आळीतल्या मुलांनी आणून दिल्यात, त्या कण्हेरीवर सुखात आहेत. आता हे करायचं: एकच फुंकर दोन वाटांनी फोडायची, अर्धी मिशीवर आणि अर्धी नरांच्या डब्यात. मादीच्या बरणीतली हवा कोऱ्या हवेत पायरीपायरीने पातळ करत जायची. कुठल्या पायरीला आलेख गप्प होतो आणि कुठल्या पायरीला पाखरं गप्प होतात, ते मोजायचं. दोन पायऱ्यांमधलं अंतर मला हवंय. डब्यात कोण काय बघतंय याचा परिणाम नको, म्हणून कोणती बरणी चालू आहे ते बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

आणि तुटक फुंकर. नर सलग वासात गोंधळतो, तुटक वासात पुढे सरकतो, मग नागमोडी चालतो, मग गोल फिरतो. टोकियोत कांझाकी यांच्या चमूने हे चालणं आणि त्यामागच्या पेशी बारकाईने मांडल्यात. रेशमाचा नर उडत नाही, टेबलावर चालतो, म्हणजे आपल्याला मोबाईलचा कॅमेरा आणि खाली आलेखाचा कागद एवढं पुरेल. थर्माकोलचा गोळा हवेवर तरंगवून त्यावर नर चालवायचा विचार होता, पण ट्यूबमधली हवा तेवढी टिकणार नाही. आधी कागदच.

एक विनंती: ज्यांच्याकडे एकाच सिलिकॉन नळीतून घेतलेले जुने ईएजी आहेत, त्यांनी फुंकरींमधल्या वेळेसमोर उत्तराची उंची मांडून बघा. वेळ वाढली की कोरं उत्तर वाढत असेल, तर नळी बदला.

करवीरच्या शेतकरीदादांनी पुढचे कोष मंगळवारी देतो म्हटलंय, द्विबार (वर्षाला दोन पिढ्यांच्या) संकर जातीचे, पन्नास. पतंग बाहेर यायला त्यानंतर आठवडाभर तरी. नरांचा डबा या वेळी कॉटच्या उशाशीच ठेव, असं आत्तींनी बजावलंय. त्यांना वेगळी वही आणि पेन आणून दिलंय.