एक डझन केळी

मे महिन्यातली दुपार, कूलर नुसता घरघर करतोय, आणि भाचा सुट्टीतल्या सरावाचं पुस्तक घेऊन फरशीवर पालथा पडलेला. पानाच्या वरच्या भागात गणितं, खाली चौकटीत 'गंमत कोडं', म्हणजे कडू गोळीवर साखर. "मामा, एक डझन केळी ४८ रुपयांना, तर पाच केळी केवढ्याला?" मी वीस म्हणेपर्यंत त्याची वेगळीच शंका, "पण डझनानं केळी घेतं कोण?"

पोरगा रावेरकडचा. त्याच्या घरी केळी क्विंटलनं जाते, घड कापला की थेट ट्रकात. मोजून मोजून पाच केळी विकत घेणारा माणूस त्यानं पाहिलेलाच नाही.

मलाही लहानपणापासून ही खोड आहे, गणितातल्या माणसांची चौकशी करायची. एका नळानं टाकी भरते, दुसऱ्यानं रिकामी होते. अरे मग आधी तो दुसरा बंद कर ना बाबा! आमच्याकडे नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली हंडे घेऊन पळते आणि हा गळत्या टाकीपाशी तास मोजत बसलाय. रेल्वे खांब किती सेकंदांत ओलांडेल हेही तसंच, भुसावळच्या पोराला विचारलं तर तो आधी म्हणेल, आउटरला थांबली तर?

खरी गणितं आजीची. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं वाळवण, घातले की खाटेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर वाळत टाकायचे आणि कावळे हाकलायला आम्हा पोरांना काठी देऊन बसवायचं, म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या. ओल्या बिबड्याची चव ज्याला माहितीये त्याला पुढचं सांगायला नको. आजी यायची, नऊच्या सहा रांगा, किती? चोपन्न. कावळ्यानं दोन नेले? बावन्न. मग बोटानं मोजायची, सत्तेचाळीस. "मंग बाकीना कोठे ग्यात?" सगळे चूप. मग एकदम लाडात येऊन कोडं घालायची, बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे, सांगा काय? धाकटा उत्साहानं जीभ बाहेर काढून दाखवायचा आणि जिभेवर तीळ लागलेला बिबड्याचा पांढरा घाटा! वजाबाकी पूर्ण.

पुढे शाळेच्या सहलीला चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो तेव्हा सर सांगत होते की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (मुक्ताईनगरकडचे योगी चांगदेव वेगळे) यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, १२०७ सालचा शिलालेख आहे, आणि आम्ही माकडं बघत होतो. भास्कराचार्यांच्याच ११५० च्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात भुंग्यांचं गणित आहे ते मात्र फार नंतर कळलं. थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलिंध्राच्या फुलावर, या दोन आकड्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि उरलेला एक केतकी-मालतीच्या वासानं वेडा होऊन मधेच घिरट्या घालतोय. तीन, पाच, सहा आणि तो एक, पंधरा. आता या गड्याची चौकशी करावीशी वाटते! इतक्या वर्षांपूर्वी माणसाला कळलं होतं की पोरांना नुसते अपूर्णांक दिले तर ती माकडंच बघणार.

सगळ्यात जुनं कोडं म्हणजे किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड. शाळेत ऐकून आलो की घरी सगळ्यांना विचारत सुटायचं, मोठी माणसं मुद्दाम लोखंड म्हणायची, आपण खूश. आजोबांना विचारलं तेव्हा ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते, वर न बघता म्हणाले, "काटा कोना शे?" म्हणजे वजनाचा काटा कोणाचा?

तेव्हा मला तो जोक वाटला होता. खेडा खरेदीवाला दारात यायचा, कापूस ओला आहे म्हणून क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनात घट, धरायचा, वीस क्विंटलला चाळीस किलो गेला, हे आजोबा तोंडीच करायचे, कागद लागायचा नाही. आणि तरी त्याच काट्यावर घालायचे. कापूस घरात ठेवला की किडे होतात, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, आणि उधारीवाला काही थांबत नाही.