टिप्याचा भात

मालवणच्या आसपास आता अशी घरे पुष्कळ झाली आहेत, जिथे मुले मुंबईला, घरात एकटे म्हातारे माणूस आणि पडवीत एखादा कुत्रा असतो. कुत्रा ठेवलेला असतो तो राखणीसाठी, वानरांना आंब्याच्या कलमांवरून हुसकावण्यासाठी. परंतु त्या माणसाच्या प्रकृतीची राखणही तोच करतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझ्या काकूचेच पाहा. काका गेल्यावर, एकटीसाठी काय रांधायचे म्हणून, ती चहा-बटरवर दिवस काढू लागली होती. टिप्या आल्यापासून मात्र घरात दोन्ही वेळा भात शिजतो. बांगड्यांची डोकी उकडून, त्यांतले काटे बोटांनी चाचपून काढून ती त्याचा भात कालवते, आणि एवढे केल्यावर स्वतःचे पानही वाढून घेते. दिवेलागणीपर्यंत तो परतला नाही, तर बॅटरी घेऊन पाणंदीच्या टोकापर्यंत जाते आणि "खंय होतंस रे मेल्या, जेवूक नको तुका?" असे खडसावते. डॉक्टरांनी वारंवार सांगूनही जे चालणे तिने कधी मनावर घेतले नव्हते, ते असे परस्पर घडते.

एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९२ हृदयरुग्णांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ जण दगावले, तर नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे बोलके आहेत, पण रुग्ण थोडे होते. शिवाय ज्याच्या अंगात मुळातच धग आहे तोच कुत्रा पाळतो, अशीही शक्यता उरते. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असू शकेल एवढेच म्हटले, आणि केवळ तेवढ्यासाठी प्राणी आणू नये, असेही बजावले. मला ते पटते. काकूला टिप्याचा गुण आला, तो तिने त्याला औषध म्हणून आणले नव्हते म्हणूनच.

अर्थात प्राण्याबरोबर दुखणीही घरात येऊ शकतात. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची धास्ती असते. दोष उंदरांना दिला जातो, पण कुत्र्याच्या मूत्रातूनही तो रोग पसरू शकतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. रेबीजबद्दल तर हयगय चालतच नाही. कुत्र्याचे लसीकरण वेळेवर व्हायलाच हवे आणि चावा घेतला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठायला हवा.

काकू स्वतःची रक्तदाबाची गोळी खुशाल विसरते, परंतु टिप्याच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवते. हे पाहिल्यापासून तिचा मुलगा तिच्या रक्ततपासणीची तारीखही त्याच चौकोनात लिहू लागला आहे.