पिवळे त्रिकोण आणि सहा आकडे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब मी गेली अनेक वर्षे लिहीत आहे. सौद्यांचा हंगाम सुरू झाला की शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्यांकडील येणी यांचा मेळ घालण्याचे काम रात्री विश्रामबागेतील घरी संगणकावर करावे लागते. मार्चमधील अशाच एका रात्री कोणतेसे संकेतस्थळ उघडताच सगळी स्क्रीन निळी झाली, कर्कश भोंगा वाजू लागला आणि ‘संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ अशी सूचना झळकली. दुकानाचा वर्षभराचा हिशेब त्याच संगणकात असल्यामुळे मी घाबरलो आणि फोन केला.

पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे, हिंदीत बोलत होता. त्याने सुरुवातीला पैशांचे नावही काढले नाही. उलट, तुम्ही स्वतःच खात्री करून घ्या, असे तो म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून मी विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला, तर लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण यांच्या ओळीच्या ओळी समोर आल्या. त्या मोजा, असे त्याने सांगितले आणि मी मोजत बसलो. मग त्याने काळ्या चौकटीत ‘नेटस्टॅट’ हा शब्द टाइप करायला लावला. तिथे ‘फॉरेन ॲड्रेस’ या मथळ्याखाली आकड्यांची रांग उभी राहिली आणि हे सारे परदेशी हॅकर आहेत, असे त्याने मला पटवले.

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते याच टप्प्याविषयी. इव्हेंट व्ह्यूअर ही संगणकाची रोजनिशी आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली किंवा प्रिंटर सापडला नाही, तरी तिथे त्रिकोण उमटतो, आणि अगदी ठणठणीत संगणकातही असे शेकडो त्रिकोण असतात. ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे परदेशातील पत्ता नव्हे, तर जोडणीचे दुसरे टोक. ते कित्येकदा आपल्याच संगणकात असते. त्याने दाखवलेल्या नोंदी खऱ्या होत्या, म्हणूनच त्यांचा त्याने सांगितलेला खोटा अर्थ माझ्या गळी उतरला. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्टच म्हटले आहे की त्यांच्या कोणत्याही खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो. ती निळी स्क्रीनही ब्राउझरचे एक साधे पान होती. आल्ट आणि एफ-४ ही बटणे एकत्र दाबली असती किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला असता, तर प्रकरण तिथेच संपले असते.

पुढचे सारे वेगाने घडले. त्याने संगणकाचा ताबा दुसऱ्याला देणारे एक ॲप उतरवून घ्यायला लावले आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक मागितला. नोंदणीचे दहा रुपये भरण्यासाठी मी नेटबँकिंग उघडले, तेव्हा तपासणी चालू आहे असे सांगून त्याने स्क्रीन काळी केली. दोन वेळा ओटीपी आला आणि दोन्ही वेळा मी तो वाचून दाखवला. त्या संदेशांत आकड्यांच्या आधी पूर्ण वाक्य होते, त्यात रक्कमही लिहिलेली होती. मी फक्त सहा आकडे वाचले. २४,८०० आणि १५,००० रुपये गेल्याचे संदेश पाहून सूनबाईंनी धावत जाऊन राउटरची वायर उपटली.

त्यांनीच १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक लावून दिला. तिथे बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि रक्कम अशी माहिती विचारतात, म्हणून बँकेचे संदेश पुसू नयेत. तक्रारीचा पोच क्रमांक मिळाला. त्यानंतर बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून नेटबँकिंग बंद करवले आणि सगळे पासवर्ड सूनबाईंच्या फोनवरून बदलले, कारण त्या संगणकावर आता विश्वास ठेवणे शक्य नव्हते. तो पुढे फॉरमॅटच करावा लागला. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते की, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यामुळे कळवल्याची वेळ सिद्ध करता येणे अत्यंत महत्त्वाचे असते. तिथून सायबर पोलीस ठाण्यात जबाब नोंदवला. तेथील हवालदारांनी माझे सगळे बोलणे न रागावता ऐकून घेतले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पहिली रक्कम काढली गेली होती. दुसरी मात्र समोरच्या खात्यातच गोठवली गेली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर काही महिन्यांनी मला परत मिळाली.

त्या दरम्यान आणखी एक फोन आला. सायबर विभागातून बोलतो आहे, तुमची उरलेली रक्कम सापडली आहे, प्रक्रियेसाठी दोन हजार रुपये भरावे लागतील, असे तो माणूस म्हणाला. मी त्याला माझ्या तक्रारीचा पोच क्रमांक विचारला. तो सांगण्याऐवजी तो पुन्हा रकमेविषयीच बोलू लागला, तेव्हा मी फोन ठेवला आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत त्याच्या क्रमांकाची नोंद केली.