वाहन उंदीर

पाऊस संपला असं वाटलं की मी गाद्यांना ऊन दाखवते. यातला 'दाखवते' हा शब्द मला फार आवडतो. गादी उन्हात वाळवायची नसते, तिला नुसतं ऊन दाखवायचं, नव्या सुनेला गाव दाखवावं तसं. यंदा तो मुहूर्त दहा ऑक्टोबरला लागला. चार महिने भिंतींनी, कपाटांनी आणि पुस्तकांनी मिळून जमवलेला कुबट वास घरात, आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना गादी डोक्यावर घेऊन चढावा लागतो, आणि त्या वेळी आपण कसे दिसतो ते बघायला जिन्यात कोणी ना कोणी उभं असतंच.

आईच्या जुन्या कापसाच्या गादीची खोळ काढली तर आतून एक कागद पडला. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं पान. पूर्वी वाणी द्यायचा ते, गणपतीच्या चित्राखाली ठोकळ्यासारखं लटकणारं. तारीख दहा ऑक्टोबर! मी कठड्याला टेकून उभीच राहिले. वार शनिवार. वर्षाचा कोपरा कसरीने खाल्लेला. मागच्या कोऱ्या बाजूवर आईच्या तिरप्या अक्षरात तीन ओळी होत्या :

दूध अर्धा ली. कमी.
रीळ – मोरपंखी.
नानांना सांगणे.

दहा ऑक्टोबरला शनिवार कधी कधी आला, ते बोटांवर मोजत बसले. १९८१, १९८७, १९९२, १९९८. नाना, म्हणजे माझे आजोबा, १९८९ साली गेले. तेव्हा ८१ किंवा ८७. मोरपंखी रीळ म्हणजे कुणाचं तरी ब्लाऊज शिवायला टाकलेलं होतं. दुधाचं समजण्यासारखं आहे. नानांना काय सांगायचं होतं, ते मात्र कळायला मार्ग नाही. आई असती तर म्हणाली असती, "काहीतरी असेल गं, तुला काय करायचंय?"

१९८१ साली मी सातवीत होते.

आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज सुविचार आणि दिनविशेष लिहायचा. हजेरीपटाप्रमाणे पाळी यायची. सुविचारांचा साठा अमर्याद होता, आणि तोच तो सुविचार आठवड्यात दोनदा आला तरी कुणाची हरकत नसे. दिनविशेषाची मात्र पंचाईत. दोन ऑक्टोबर ज्याच्या वाट्याला आला तो सुटला. माझ्या वाट्याला आला दहा. घरात ना ज्ञानकोश, ना वर्तमानपत्रांची रद्दी. ती दर महिन्याला विकली जायची. आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात नानांनी पंचांग उघडलं, चष्मा कपाळावर चढवला (जवळचं वाचायला ते चष्मा काढत) आणि म्हणाले, "हे बघ बाय, उद्या रवी चित्रात जातोय. वाहन उंदीर. याहून विशेष ते काय असणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, म्हणजे तो शनिवारच असणार. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आज सूर्य चित्रा नक्षत्रात प्रवेश करतो. वाहन – उंदीर.' आधी वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, उंदीर जळणार नाही का?" बाईंनी हसू पदराआड दाबलं, डस्टर उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं. पुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं नाव उंदीर होतं.

वाहन म्हणजे काय हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. पावसाळ्यात सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा पंचांग दर वेळी त्याला एक वाहन देतं, आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात. हत्ती, घोडा, म्हैस, मोर, बेडूक, गाढव, मेंढा, कोल्हा, उंदीर अशी ही सवारी. म्हैस, बेडूक, हत्ती आले की पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला की नानांनी नाक मुरडायचं. उंदीर अधलामधला. पडला तर पडला. या अधल्यामधल्या उंदरापायी मी सुट्टी लागेपर्यंत मान खाली घालून फिरले.

आता दिनविशेष न मागता येतो. आज सकाळी दात घासायच्या आत फोनवर चौघांनी पाठवला. त्यातून कळलं की आज राष्ट्रीय टपाल दिन. आज जागतिक मानसिक आरोग्य दिन, तो १९९२ पासून पाळतात. आर. के. नारायण १९०६ साली आजच जन्मले आणि कन्नडचे शिवराम कारंथ १९०२ साली, तेही आजच. १९६४ साली गुरुदत्त गेले तोही आजचाच दिवस. हे सगळं त्या मुलीला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर? कारंथांचं नाव लिहून ती ऐटीत जागेवर जाऊन बसली असती, आणि मला आज तो शनिवार आठवला नसता.

टपालावरून आठवलं. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी संस्कृतात कविता करत. कवीने आकडे वाटले म्हणूनच की काय, रत्नागिरी आणि सातारा या दोघांच्या वाट्याला ४१५ एकच आला, मधे अख्खा सह्याद्री असताना. नानांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "साताऱ्याची पत्रं इकडे आणि इकडची तिकडे, दुसरं काय!" नाना टपाल खात्यावर कायम रुसलेले असत. कारण विचारायचं नाही.

तर दहा ऑक्टोबर. हा दिवस एका वर्षी उगवलाच नव्हता, हेही मला फार उशिरा कळलं. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं, तेव्हा इटली, स्पेन, पोर्तुगाल इथली माणसं चार ऑक्टोबरच्या रात्री झोपली आणि थेट पंधरा ऑक्टोबरला उठली. अविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली. चारला की पंधराला, म्हणाल ते. इंग्रजांनी हीच दुरुस्ती १७५२ साली, अकरा दिवस गाळून केली. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न येतो : त्या न उगवलेल्या दहा दिवसांच्या दुधाचा हिशेब त्या बायकांनी कसा केला असेल? पोपला दुधाचा हिशेब ठेवावा लागत नव्हता, हे उघडच आहे.

आमच्याकडे कॅलेंडर असायचंच मुळी त्यासाठी. सणवार सगळ्यांना पाठ. चौकोनात लिहायचं ते दूध नाही, दूध अर्धा, सिलिंडर लावला, इस्त्रीचे कपडे सात, भांडीवाली आली नाही. भल्याभल्यांच्या जयंत्यांवर आईने दुधाच्या फुल्या मारलेल्या असत. महिना संपला की पान उलटायचं, आणि तेही एक तारखेलाच. एकतीसला संध्याकाळी कुणी हौसेने पान उलटलं तर माझा अजून संताप होतो. अजून सहा तास आहेत की त्या महिन्याचे! नवरा मुद्दाम उलटतो.

ऑक्टोबर हा दहावा महिना, आणि नाव मात्र आठव्याचं. हेही नानांनीच सांगितलेलं. सप्टेंबर सप्त, ऑक्टोबर अष्ट, नोव्हेंबर नव, डिसेंबर दश, असं ते चार बोटांवर मोजून दाखवायचे आणि मग सगळी इंग्रजी विद्या आपल्याकडूनच गेली, असं म्हणून सुपारी कातरायला घ्यायचे. पुढे कॉलेजात कळलं की ही लॅटिन आणि संस्कृत भाषांची चुलतभावंडं, आणि रोमन वर्ष मुळात मार्चपासून सुरू व्हायचं. तोवर नाना गेले होते. असते तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पंचांगात या दिवसांना शरद ऋतू म्हणतात. बोलताना तो शब्द कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. आपण म्हणतो ऑक्टोबर हीट. मराठीने या ऋतूचं नावच इंग्रजीकडून उसनं आणलं, तेही तक्रारीच्या सुरात. खरं तर वेदांतला माणूस शंभर शरद जगायला मागत होता, 'जीवेम शरदः शतम्'. आपण मात्र मोजतो ते पावसाळे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे मी जन्मभर ऐकलं, आणि आता स्वतःच ऐकवते. फार तर उन्हाळे-पावसाळे. 'तुझ्यापेक्षा चार ऑक्टोबर जास्त पाहिलेत' असं कुणी म्हणून बघावं, समोरचा पंखा लावायला उठेल.

गच्चीवर दुपारी अडीच वाजता शरद वगैरे काही नसतो. पाऊस उत्तरेकडून माघार घेत आलेला, आभाळ धुऊन काढलेलं, जमीन अजून ओली, त्यामुळे वर ऊन आणि खालून वाफ. केबलच्या तारेवर मात्र चतुर बसले होते, पिवळसर, काचेच्या पंखांचे, एका ओळीत सात-आठ. काही नुसतेच तरंगत होते. मला लहानपणी वाटायचं की हे परसातल्या विहिरीवर जन्मतात आणि संध्याकाळी आगराच्या कुंपणापर्यंत जाऊन परत येतात. आता वाचलं की यातलीच एक जात ऑक्टोबरात मालदीवला थव्याने उतरते आणि वाऱ्यावर स्वार होऊन पुढे आफ्रिका गाठते. चार्ल्स अँडरसन नावाच्या तिथल्या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली ते मांडलं. मालदीवमध्ये उघड्यावर गोडं पाणी जवळजवळ नाही, मग एवढे चतुर येतात कुठून, या प्रश्नातून त्याला ते सापडलं. चतुर पाण्याशिवाय अंडी घालत नाही. म्हणजे ते पाहुणे होते, आणि भारताच्या बाजूने येत होते. बोटाएवढा किडा, वर आभाळ, खाली समुद्र.

आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा, दोन वाव लांब. चतुर उडायचा, दोरा ताणला की खाली यायचा, पुन्हा उडायचा. जास्तीत जास्त खडे कुणाचा उचलतो याची पैज लागायची. माझा एकदा दोऱ्यासकट सुटला आणि पोफळीच्या शेंड्यापलीकडे दिसेनासा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात. त्या दोऱ्याचा रंग आठवतोय का ते मी गच्चीवर उभ्या उभ्या आठवून पाहिलं. नाही आठवला. तो मोरपंखी होता असं लिहायचा मोह होतोय, पण नाही आठवत.

चार वाजता पश्चिमेला ढग दिसले, तेव्हाच मी खाली यायला हवं होतं. पण मी चित्राचा विचार करत बसले. आमच्या घरात एक कायमचा वाद होता. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' ही म्हण सगळ्यांना पाठ, अर्थ मात्र दोन. नाना म्हणत, चित्राचा पाऊस झाला की भात एवढा पिकतो की कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नाही. आत्या म्हणायची, कापणीला आलेलं भात भिजून कुजतं, म्हणून कुत्रं तोंड लावत नाही. नाना शेतीचे मालक होते आणि आत्या प्रत्यक्ष कापणीला उभी राहायची, त्यामुळे माझं मत आत्याच्या बाजूने. स्वातीबद्दल दोघांचं एकमत होतं : 'पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती.' माणिक-मोती काही आमच्याकडे पिकले नाहीत, तेव्हा भांडायला कारण नव्हतं.

पहिला थेंब मनगटावर पडला तो चांगला रुपयाएवढा. मग एकदम कडकडाट. इमारतीतल्या सहा बायका, एक निवृत्त बँक मॅनेजर आणि कुणाची तरी पापडांची ताटं, सगळ्यांची जिन्याच्या दारात एकच गर्दी उडाली. माझ्या दोन गाद्या आत आल्या. आईची राहिली. तिला ऊन दाखवता दाखवता पाऊसही दाखवून झाला. कापसाची भिजलेली गादी दोघांना उचलत नाही, हे मला आज कळलं. ती कठड्यावर टाकून ठेवली आहे. तारेवर एकही चतुर नव्हता.

अर्ध्या तासाने पाऊस थांबला. खाली तळमजल्यावरच्या काकूंनी नेहमीप्रमाणे गल्लीतल्या कुत्र्यापुढे दहीभाताची थाळी सरकवली. मी खिडकीतून बघत होते. तो आला, त्याने थाळी हुंगली, माझ्याकडे पाहिलं (पाहिलंच) आणि शेपूट न हलवता पार्किंगमध्ये जाऊन झोपला.

"काय झालं हो याला?" काकू म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. कॅलेंडरपाशी गेले. दहाच्या चौकोनात आधीच 'इस्त्री ९' लिहिलेलं होतं. त्याच्याखाली थोडी जागा होती, तिथे पेन्सिलीने लिहिलं : नानांना सांगणे.

रात्री झोपायला सतरंजी.