आधी पाहिला तोच खरा?

"मामा, ही तर 'छोरी'ची कॉपी आहे!"

काल रात्री इंदिरानगरला ताईकडे 'लपाछपी' हा मराठी भयपट लावला आणि थोड्याच वेळात भाचीचा हा शेरा. अगं, 'लपाछपी' २०१७ चा, त्याचा हिंदी रिमेक 'छोरी' २०२१ चा. दिग्दर्शकही तोच, विशाल फुरिया. तर म्हणे, "असू दे ना, मी 'छोरी' आधी पाहिलाय."

आता काय बोलणार!

उसातल्या पळापळीला ती ढिम्म. कोंडाजीचा चिवडा खाणं चालूच, त्यातही शेंगदाणे तेवढे वेचून. पण उषा नाईकांची तुळसाबाई पूजा सावंतशी गोड बोलायला लागली, तसा हात वाटीतच थांबला. "ही आपल्या निफाडच्या आजीसारखी बोलते रे मामा."

पुढे काय होणार हे तिला पाठ होतं, तरी टरकली. 'छोरी' बघताना माझं असं काही झालं नव्हतं. उसाचा फड तसाच, पण माणसं दुसऱ्याच कुणाच्या तरी गावची. (मीता वशिष्ठ जबरदस्त आहेत, ते मान्य.)

तुमच्यापैकी कुणी आधी 'छोरी' आणि मग 'लपाछपी' पाहिलाय का? जास्त कुठे फाटली?